पावसाळ्यातली व्हर्जिनिया आणि भाजणारी जीभ

ठाण्याच्या पावसाळ्यात व्हर्जिनिया फ्लेक (पाइपमध्ये ओढायची, दाबून चपट्या कापांत केलेली व्हर्जिनिया तंबाखू) जीभ भाजते आणि पाइप गुरगुरतो, अशी तुमची तक्रार आहे. मला यात मुख्य दोष ओलीचा वाटतो. व्हर्जिनियात साखर भरपूर. पान ओलं असलं की सारखं विझतं, आपण जोरात ओढतो आणि गरम वाफ थेट जिभेवर येते.

फ्लेक बोटांनी मोकळी करून कागदावर पसरा. जुलैत उघड्या खिडकीपाशी ती वाळायची सोडून आणखी ओल धरते. एसीच्या खोलीत साधारण 30-40 मिनिटं ठेवा. चिमटीत दाबून सोडल्यावर पान हळूहळू उलगडायला हवं. गोळा तसाच राहिला तर अजून ओलं, चुरा झाला तर जास्त वाळलं. भरताना तळाशी सैल, वर जरा घट्ट. पेटवण्याआधी ओढून बघा, स्ट्रॉने पाणी पिताना लागतो तेवढाच जोर लागावा.

चेरी-व्हॅनिलावाले अरोमॅटिक, म्हणजे वरून सुवास दिलेले तंबाखू, मात्र कितीही वाळवले तरी चिकट राहतात. त्यांत बहुधा प्रोपिलीन ग्लायकोल, म्हणजे ओल धरून ठेवणारा द्रव, असतं.

उघडलेला डबा घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत रिकामा करा. केसाळ बुरशी दिसली तर सगळं फेका, वरचं काढून उरलेलं ओढू नका.

आणि हो, डनहिलचा नाइटकॅप हा पाइप-तंबाखू शोधत असाल तर आता पीटरसनचा डबा बघा, तो आता त्या नावाखाली मिळतो. मॅक्लेलँड ही तंबाखू कंपनी मात्र 2018 मध्ये कायमची बंद झाली. तिच्या व्हर्जिनियाचा तो व्हिनेगरसारखा आंबूस वास दुसऱ्या कुठल्या डब्यात सापडत नाही, याची खरंच हळहळ वाटते.