कंबरमोडीचं मलम बैलाच्या खांद्याले लागू पडलं, पण हे टेस्ट कसं करतात?

दारव्ह्याकडचा_पोट्टा:
राजेहो एक विचारायचं होतं. बी फार्मचं शेवटचं वर्ष आहे, गाव दारव्हा तालुक्यात. आमच्या बैलाचा खांदा जुवानं सोलून निघाला होता, बाबानं कंबरमोडीचा (एकदांडी म्हणतात ती) पाला वाटून करंजाच्या तेलात कढवला अन् लावत गेले, जखम मस्त भरून आली. आता प्रोजेक्टले हेच घ्याव म्हणतो. गावातल्या अजून काही बैलांना लावून आधीचे-नंतरचे फोटो काढले तर चालन का? का उंदरावरच कराव लागते? गाईडले विचारलं तर म्हणे लिटरेचर बघ.

मलमपट्टी_अमरावती:
आधी हे सांग, तेवढे दिवस बैल कामावर होता का बांधून ठेवला होता? बांधून ठेवला असन तर जखम मलमानं भरली का आरामानं, हे तुझ्या फोटोतून कोणालेच कळणार नाही. जखमा तशाही भरतातच, मलमानं लवकर भरली का एवढाच प्रश्न असतो.
एम फार्मले आम्ही असं केलं होतं: विस्टार जातीचे उंदीर, एका गटात ६. भूल देऊन पाठीवरचे केस काढायचे अन् साधारण ५०० चौरस मिमीची गोल जखम करायची. मग त्यावर पारदर्शक कागद ठेवून मार्करनं कड गिरवून घ्यायची, दर चौथ्या दिवशी, अन् ग्राफ पेपरवर मोजायचं किती टक्के आकसली. खपली पडून खाली ओली जखम उरली नाही तो दिवस वेगळा लिहायचा. दुसरा प्रकार म्हणजे चीर देऊन टाके घालायचे अन् दहाव्या दिवशी किती ताणावर ती उसवते ते बघायचं.
गट मात्र नीट पाड. एकाले तुझं मलम, एकाले पोव्हिडोन आयोडीन (जखमेवर नेहमी लावतात ते औषध), अन् एकाले पाला न टाकता नुसतं करंज तेल. हा तिसरा गट बहुतेक पोरं विसरतात. करंज तेलानंच काम केलं असन तर कंबरमोडीले फुकटचं श्रेय जाईन ना.

सोनखास_शेतकरी:
आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीले हळद अन् तूप लावतात, आज आवतन घ्या उद्या जेवाले या म्हणतात, त्याची कोणी टेस्ट केली काय 😄 पोट्ट्या तू पेटंट घेऊन टाक सरळ

मलमपट्टी_अमरावती:
हळदीचं झालंय ते भाऊ. जखमेवर हळद लावायचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाले मिळालं होतं, आपल्या सीएसआयआरनं (सरकारी विज्ञान संशोधन संस्था) जुने लेखी पुरावे दाखवले अन् १९९७ ले ते रद्द झालं. कंबरमोडीवरही उंदरावरचं काम आधीच भरपूर झालंय, पेटंटचं सोड. करंज तेलासोबतचं मिश्रण विरुद्ध नुसतं तेल असा विषय घेतला तर गाईडही ऐकन.

रिटायर_पशुधन_पर्यवेक्षक:
दोन गोष्टी. गावातल्या बैलांवर प्रयोग म्हणून काही लावू नका, कॉलेजच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते, उंदरालेही लागते. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे त्याले. अन् उंदराची कातडी ढिली, खाली पातळ स्नायूचा थर, त्यामुळे त्याची जखम कडेनं ओढली जाऊनच बरीचशी बंद होते. वर तो पिंजऱ्यात बसलेला. इकडे बैलाच्या खांद्यावर रोज जू, माशी, पावसाचं पाणी. म्हणून उंदरावर चाललं की बैलावर चालनच असं रिपोर्टात लिहू नका, परीक्षक तिथंच पकडते.
बाकी घरच्या बैलाले बाबा लावतात ते लावू द्या, पण किडे पडले किंवा पू आला तर १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइन नंबरले फोन करा, फिनाईल ओतू नका, लय जण ओततात. अन् जुवाची खालची बाजू हात फिरवून बघितली का? कुठंतरी खडबड असनच, नाहीतर दोन बैलांच्या उंचीत फरक असन. ते नाही सुधारलं तर पेरणीच्या टायमाले तोच खांदा परत सोलते.

दारव्ह्याकडचा_पोट्टा:
बैल बांधूनच होता मलमपट्टी भाऊ 😅 नुसत्या तेलाचा गट टाकतो. काका, डावा बैल बुटका आहे खरंच, बाबाले सांगतो.