शब्दचर्चा : तलवारीवरची जादू 'उतरवणे' की 'नष्ट करणे'?

प्रश्न : आमचा गट डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा कल्पनारम्य भूमिका-खेळ मराठीतून खेळतो, नियम 2014 च्या पाचव्या आवृत्तीचे. शत्रूच्या तलवारीवर 'डिस्पेल मॅजिक' हा दुसऱ्याचा मंत्र संपवणारा मंत्र टाकल्यावर नेमकं काय म्हणावं? 'जादू नष्ट केली' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, तलवार कायमची साधी झाली. यावरून दर वेळी वाद होतो.

प्रतिसाद : 'उपसंहार' घ्या की! सौप्तिकपर्वात अर्जुन आपलं अस्त्र मागे घेतो, अश्वत्थाम्याला ते जमत नाही. मागे घेण्याच्या त्या विद्येला हाच शब्द आहे.

प्रतिसाद : शब्द सुरेख आहे, पण इथे बसत नाही. उपसंहार करतो तो अस्त्र सोडणाराच. डिस्पेल मॅजिक बहुतेक वेळा समोरच्याच्या मंत्रावर चालवतात. शिवाय आज 'उपसंहार' म्हटलं की पुस्तकाचं शेवटचं प्रकरण आठवतं.

माझं मत 'उतरवणे'ला. ताप उतरतो, नशा उतरते, मांत्रिक विष उतरवतो. वरून चढलेलं गेलं आणि मूळ वस्तू जागेवर राहिली, हा अर्थ त्या क्रियापदात आधीपासून आहे, आणि नियमही तेच सांगतो. साध्या तलवारीवर कुणी 'मॅजिक वेपन' हा दुसऱ्या पातळीचा मंत्र टाकला, तर तिला तासभरापर्यंत +1 मिळतो, म्हणजे हल्ल्याच्या आणि इजेच्या फाशात 1 ची भर. डिस्पेल मॅजिक तिसऱ्या पातळीचा, त्यामुळे तो मंत्र फासा न टाकताच उतरतो. तोच मंत्र चौथ्या पातळीवरून टाकला असेल तर +2 मिळतो आणि उतरवणाऱ्याला फासा टाकून किमान 14 गाठावे लागतात. पाचव्या पातळीला 15.

पण जी तलवार घडवतानाच जादूची झाली, तिच्या अंगच्या +1 ला पाचव्या आवृत्तीत डिस्पेल मॅजिक धक्काही लावत नाही. तुमचा वाद इथे असावा. म्हणून विशेषणं वेगळी ठेवा : कुणी मंत्र घातलेली ती 'मंतरलेली' तलवार, मुळातच तशी असलेली ती 'जादूची'. मंतरलेलीचा मंत्र उतरतो. जादूचीवर उतरवण्यासारखं काही चढलेलंच नसतं.

प्रतिसाद : जुने खेळाडू इथेच अडतील. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत डिस्पेल मॅजिक यशस्वी झालं तर जादूची तलवारही 1 ते 4 फेऱ्या साधी होई, मग पूर्ववत.

प्रतिसाद : त्याला 'दबणे' म्हणावं. पाचव्या आवृत्तीतल्या 'अँटिमॅजिक फील्ड'लाही तेच चालेल. त्या 10 फूट त्रिज्येच्या गोलात जादूची तलवार साधी, बाहेर काढली की पुन्हा जादूची. 'नष्ट' हा शब्द तिसऱ्या आवृत्तीतल्या नवव्या पातळीच्या 'डिसजंक्शन'साठी राखून ठेवा. तो मात्र जादूच्या वस्तूची जादू खरोखर कायमची संपवतो.

प्रश्नकर्ता : उतरणे, दबणे, नष्ट होणे. पुढच्या खेळापासून डीएम, म्हणजे आमचा खेळ चालवणारा, हेच तीन शब्द वापरेल. 'निष्प्रभ' मी काढून टाकतोय, त्यातून जादू गेली की दबली हे कळतच नाही.