मदत हवी आहे: सुपरजेटचा क्रँक नवा घ्यावा, रिबिल्ट घ्यावा की आहे तोच प्रेस करून घ्यावा?

नमस्कार मंडळी,

दुचाकीच्या टू-स्ट्रोक इंजिनात हात घातलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून विचारते. इंजिन जेट स्कीचं आहे, पण आतला मामला ओळखीचाच आहे. प्रश्न क्रँकचा, म्हणजे पिस्टनचे रॉड ज्याला फिरवतात त्या शाफ्टचा. त्याचे भाग एकमेकांत दाबून बसवलेले असतात, ते उघडून पुन्हा जुळवणं म्हणजे प्रेस करणं.

मी ॲरिझोनात फीनिक्सला राहते. एप्रिलमध्ये एक जुनी यामाहा सुपरजेट घेतली. बसायची नव्हे, उभं राहून चालवायची, एकाच माणसाची. ही गाडी १९९० साली ६३३ सीसीच्या इंजिनावर आली, १९९४ पासून ७०१ सीसी झाली आणि २०२१ मध्ये फोर-स्ट्रोक झाली. माझं हल, म्हणजे गाडीचा बाहेरचा सांगाडा, १९९६ नंतरचं आहे, इंजिन ७०१ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. शनिवारी पहाटे जवळच्या लेक प्लेझंटवर जायचं आणि ऊन चढायच्या आत परत यायचं, असा दोन महिने नेम होता. इकडे जूनमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि पाण्यावरचे ते दोन तास मला आठवडाभर पुरतात.

मागच्या महिन्यात किनाऱ्याकडे वळताना इंजिनातून टकटक ऐकू आली. थ्रॉटल सोडला तोवर बंदच पडलं. पुन्हा स्टार्टर मारला नाही, ओढतच आणली.

घरी हेड काढलं. मागच्या पिस्टनच्या माथ्यावर कुणी दाभणाने टोचल्यासारखे खड्डे होते. सिलिंडर उचलला आणि मागचा रॉड बोटांत धरून वर-खाली केला, तर खटखट हाताला लागली. बिगएंडच्या, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या मोठ्या तोंडातल्या, बेअरिंगची जाळी फुटली होती आणि तिचे दोन तुकडे ट्रान्सफर पोर्टच्या (खालून मिश्रण सिलिंडरमध्ये जातं त्या वाटेच्या) तोंडाशी अडकले होते. कापूस लावलेली काडी आत फिरवली तर ती तांबूस होऊन बाहेर आली. गंज. विकणाऱ्याने गाडी आतल्या पाण्यासकट हिवाळाभर तशीच ठेवली असणार. घेताना मी फक्त कॉम्प्रेशन पाहिलं. दोन्ही सिलिंडरना सारखं आलं आणि मी निर्धास्त झाले. कॉम्प्रेशन रिंगांचं कळतं, बेअरिंगचं नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. माझे बाबा कोल्हापुरात उद्यमनगरला लेथ चालवायचे. आरएक्स १०० आणि येझदीचे क्रँक त्यांच्याकडे प्रेसला यायचे, शाळेतून आले की मी तिथेच असायची. बाबा आता नाहीत, नाहीतर हा प्रश्न त्यांनाच विचारला असता.

माझ्यापुढे चार वाटा आहेत. यामाहाचा कोरा क्रँक, पण त्याची किंमत मी गाडीला दिलेल्या पैशांच्या निम्म्यापर्यंत जाते. दुसऱ्या कंपनीचा कोरा क्रँक, बराच स्वस्त. जुना क्रँक देऊन रिबिल्ट घेणे, म्हणजे आपल्याला दुसऱ्या कुणाचा तरी क्रँक मिळतो. किंवा माझाच क्रँक इथल्या क्रँकवाल्याकडे नेऊन नवे रॉड, नव्या बेअरिंगा घालून घेणे.

शिवाय एक शंका. ६३३ चा बोअर ७७ मिमी, ७०१ चा ८१ आणि याच घरातल्या ७६० चा ८४. स्ट्रोक मात्र तिघांचाही ६८. मग यांतला कुठलाही क्रँक चालायला हवा ना? माझ्या सिलिंडरवर ६१एक्स असा यामाहाचा नंबर ओतलेला आहे. ६१एक्सचा एक वापरलेला क्रँक जवळच मिळतोय. विकणारा शुक्रवारपर्यंत थांबायला तयार आहे. घेऊ का?

प्रतिसाद १

ताई, माझं मत विचाराल तर क्रँकच्या नादी लागू नका. अपघातात हल फुटलेल्या गाडीचं अख्खं चालू इंजिन बघा आणि बसवा. एका दिवसाचं काम.

धागाकर्ती

हा विचार केला होता दादा. पण त्या इंजिनातही पाणी राहिलं होतं की नाही हे उघडल्याशिवाय कसं कळणार? एकदा त्याच भरवशावर फसले आहे.

प्रतिसाद २

ताई, शुक्रवारचा क्रँक घेऊ नका. निदान आज तरी नाही.

मी गोकुळ शिरगावला मशीन शॉपमध्ये आहे. आधीची बारा वर्षं टू-स्ट्रोकचे क्रँक प्रेस करण्यात गेली. जेट स्की हाताळली नाही, पण तुम्ही सांगताय ते सगळं ओळखीचं आहे.

पहिली गोष्ट. सिलिंडरवरचा नंबर हा सिलिंडरचा नंबर. क्रँक सिलिंडरला कुठे धरतो? तो बसतो केसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या खोक्यात. त्याच्या एका टोकाला फ्लायव्हील, दुसऱ्या टोकाला पंपाच्या शाफ्टला जोडणारा कपलर. त्यामुळे केसवर काय ओतलंय ते बघा आणि क्रँक त्यावरून घ्या. जुन्या गाड्यांत एकाची केस आणि दुसऱ्याचा सिलिंडर असा जोड सर्रास असतो. स्ट्रोक सारखा म्हणजे पिस्टन तेवढाच वर-खाली होणार, एवढंच त्यातून कळतं. फ्लायव्हीलकडचा टेपर (निमुळतं टोक), चावीचा खाचा, बेअरिंगची रुंदी, सीलची जागा, पिस्टन पिनचा व्यास, कपलरचे आटे, यातलं एक जरी वेगळं निघालं तरी तो क्रँक तुमच्या कामाचा नाही.

दुसरं, क्रँक का गेला हे नक्की करा. मागच्या रॉडचं मोठं तोंड निळं-जांभळं झालंय का? तसं असेल तर ते तापलंय, म्हणजे तेल कमी पडलं किंवा कुठून तरी हवा आत येऊन मिश्रण पातळ झालं. त्याचा इलाज केला नाही तर कोराही क्रँक महिनाभरात घरी. रंग बदललेला नाही आणि रोलरच्या वाटेवर तांबूस खळगे आहेत, तर दोष पाण्याचा. तुमच्या वर्णनावरून मला पाणीच वाटतंय, तरी डोळ्यांनी बघून घ्या.

तिसरं केसबद्दल, आणि हे लोक बघतच नाहीत. मेन बेअरिंगची बाहेरची कडी केसमध्ये फिरली असेल तर ती जागा चकचकीत आणि ढिली दिसेल. मग कितीही चांगला क्रँक आणा, तो त्या केसमध्ये टिकणार नाही. केसचा एकच अर्धा भाग बदलायचा विचारही करू नका, दोन्ही भाग एकत्र बोअर केलेले असतात.

एवढं सगळं ठीक निघालं तर मी तुमचाच क्रँक प्रेस करून घेईन. कारण त्याचा इतिहास तुम्हाला आता माहीत आहे. रॉड, पिन आणि बेअरिंगा नव्या येतात. जुने राहतात ते फक्त वेब, म्हणजे पिनच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या, आणि पिनची भोकं ढिली झालेली नसतील तर वेबला काही होत नाही. फक्त करणारा माणूस दोन सिलिंडरच्या क्रँकचा सवयीचा हवा. आरएक्सच्या क्रँकला पिन एक, दोन बाजू जुळवल्या की झालं. इथे दोन पिना आणि मधला शाफ्ट. रनआउट, म्हणजे फिरताना शाफ्ट किती हेलकावतो ते, जुळवायचाच, शिवाय दोन्ही पिना एकमेकींपासून बरोबर १८० अंशांवर यायला हव्यात. तो कोन चुकला तर एका सिलिंडरचं टायमिंग बरोबर आणि दुसऱ्याचं मागे-पुढे.

रॉड कुठल्या कंपनीचे घालणार आणि शेवटी रनआउट लिहून देणार का, हे दोन प्रश्न आधी विचारा. दुसऱ्यावर जो टाळाटाळ करेल त्याच्याकडे क्रँक ठेवू नका.

धागाकर्ती

काका, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री दहाला गॅरेजमध्ये गेले.

इंजिन बाहेरच होतं. केस डिग्रीझरने धुतली, ब्रशने घासली. वर्षानुवर्षांच्या चिकट थराखालून नंबर निघाला: ६२टी. म्हणजे केस ६२टी आणि वर सिलिंडर ६१एक्स. नंतर वाचलं की हा जोड रेस खेळणाऱ्यांच्या आवडीचा आहे, त्यांना ६१एक्सच्या सिलिंडरची पोर्टिंग जास्त भावते. विकणारा मला "कंपनीचं मूळ इंजिन" म्हणाला होता. शुक्रवारच्या माणसाला तेव्हाच नाही कळवलं.

बाकीचं तुम्ही सांगितल्या क्रमाने पाहिलं. रॉडला निळेपणा अजिबात नाही. मागच्या पिनवर खळगे आहेत, नख अडकतं इतके. केसमध्ये बेअरिंगच्या जागा करड्या आणि सारख्या आहेत, चकाकी कुठेच नाही. लोकेटिंग पिनाही आपापल्या खाचेत होत्या. क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून बाबांचा डायल गेज लावला, तो मी इकडे येताना सोबत आणला होता. मॅन्युअलमध्ये रनआउटची मर्यादा ०.०५ मिमी आहे. माझा फ्लायव्हीलकडे ०.०३, कपलरकडे ०.०४. पुढच्या रॉडच्या बिगएंडला बाजूचा प्ले (ढिलेपणा) ०.४० आला, ०.२५ ते ०.७५ चालतो. म्हणजे क्रँक वाकलेला नाही, फक्त मागची बेअरिंग खाल्लेली आहे. तरी रॉड दोन्ही बदलते, पुढच्याने तेच पाणी पाहिलंय.

सिलिंडरला मागच्या बाजूला उभे ओरखडे आहेत. ८१.२५ चा पिस्टन मिळतो, तेवढ्या रीबोअरमध्ये ते जातील असं बोअरवाला म्हणाला.

आता एक विचारायचं राहिलं. इथला क्रँकवाला म्हणतोय, प्रेस झाल्यावर पिना वेल्ड करून टाकूया, म्हणजे क्रँकचे भाग पिनवर कधी सरकणार नाहीत. करू का?

प्रतिसाद २

व्वा. गेज नीट जपून ठेवला आहे तुम्ही.

वेल्डचं असं आहे. पिना फक्त दाबून बसवलेल्या असतात. इंजिनात पाणी शिरलं आणि त्यावर स्टार्टर मारला, किंवा ताकद खूप वाढवली, तर वेब पिनवर किंचित फिरतो आणि ते १८० अंश बिघडतात. ते होऊ नये म्हणून रेसवाले टाका मारतात. पण वेल्ड केलेला क्रँक पुढच्या वेळी उघडायचा म्हणजे आधी तो टाका कापायचा, आणि वेल्डच्या उष्णतेने क्रँक हलतो, म्हणून पुन्हा ट्रू, म्हणजे सरळ, करावा लागतो. इंजिन साधंच ठेवणार असाल तर मी करणार नाही.

पाण्यात गाडी उलटली तर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या बाजूनेच सरळ करा, नाहीतर सायलेन्सरमधलं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी गेल्याची शंका आली तर प्लग काढून मगच स्टार्टर मारायचा.

जोडताना आणखी एक. बेअरिंगच्या कडीवरचं भोक लोकेटिंग पिनवर बसलंय याची खात्री केल्याशिवाय वरची केस आवळू नका. नीट बसलं असेल तर केस हाताने दाबून पूर्ण टेकते. बोल्टने ओढून टेकवावी लागली तर काहीतरी अडकलंय.

प्रतिसाद ३

ताई, मी ह्यूस्टनला असतो, माझ्याकडेही सुपरजेट आहे. इंजिन बसवताना कपलरची अलाइनमेंट तपासा आणि शिम (पातळ पट्ट्या) घालून जुळवा. माझी मागची मेन बेअरिंग त्यामुळेच गेली होती. आणि फ्लायव्हीलचा टेपर कोरडा ठेवा, तेलाचा थेंबही नको. भार टेपर घेतो, चावी नुसती जागा दाखवते.

धागाकर्ती: पुढची खबर

क्रँक परत आला. दोन्ही रॉड, पिना, सगळ्या बेअरिंगा नव्या. पिनची भोकं मापात होती असं कळवलं, वेल्ड केला नाही. कागदावर रनआउट लिहून दिलाय, दोन्ही टोकांना ०.०२. घरी माझ्या गेजवरही तोच आला. मग डिग्रीची चकती लावून दोन्ही बाजूंचा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर येतो तो बिंदू) घेतला, १८० वर आहे.

केस यामाबाँड (सांधा बंद करणारा लेप) लावून जुळवली, हाताने दाबून पूर्ण टेकली. सिलिंडर अजून यायचा असल्याने इनटेक आणि सिलिंडर बसायची तोंडं झाकणांनी बंद करून ६ पीएसआय हवा भरली. पहिल्या वेळी मिनिटाभरात ३ वर आली. साबणाचं पाणी लावल्यावर फ्लायव्हीलकडच्या सीलच्या कडेला बारीक बुडबुडे दिसले. सील तिरकं बसलं होतं. केस पुन्हा उघडली, सील नवीन घेऊन सरळ बसवलं. आता पाच मिनिटांत काटा हललेला नाही.

रीबोअर झालेला सिलिंडर बुधवारी येतोय. पहिल्या दोन टाक्यांना पेट्रोलमध्ये तेल ५०:१ ऐवजी ४०:१ घालणार आहे आणि थ्रॉटल अर्ध्याच्या वर नेणार नाही. शनिवारी पहाटे साडेपाचला लेक प्लेझंट.