मदत हवी आहे : उघडत नाही आणि पुसलेही जात नाही असे फोल्डर, चेकडिस्क चालवण्यापूर्वी

माझ्याकडील १ टीबीची यूएसबी हार्ड डिस्क विंडोज ११ आणि मॅक या दोन्हींवर वापरायची असल्यामुळे एक्सफॅट या फाइलव्यवस्थेत (डिस्कवर फाइली मांडण्याच्या व त्यांच्या नोंदी ठेवण्याच्या पद्धतीत) फॉरमॅट केलेली आहे. तिच्यावरील काही फोल्डर उघडत नाहीत; फाइल किंवा डिरेक्टरी खराब झाली असून वाचता येत नाही, अशा अर्थाचा संदेश येतो आणि ते पुसू पाहिल्यासही तोच येतो. बहुतेक फोल्डर गेले तरी चालतील, परंतु एकात जमिनीच्या कागदपत्रांची स्कॅन केलेली चित्रे आहेत.

केबल, पोर्ट आणि संगणक बदलून पाहिले. सेफ मोडमध्ये, तसेच प्रशासकाच्या अधिकारांनी कमांड प्रॉम्प्टवरूनही फोल्डर पुसले गेले नाहीत. फोल्डरची मालकी बदलण्याचा नेहमीचा सल्ला कृपया देऊ नये, कारण एक्सफॅटमध्ये विंडोजच्या एनटीएफएस या फाइलव्यवस्थेसारख्या परवानग्याच नसतात. स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तीत) खराब सेक्टर, म्हणजे डिस्कचे बिघडलेले भाग, दिसत नाहीत, त्यामुळे दोष डिस्कच्या यंत्रणेत नसून फाइलव्यवस्थेत असावा, असे वाटते.

चेकडिस्क हे विंडोजचे डिस्क तपासण्याचे साधन मी अद्याप दुरुस्तीच्या पर्यायाविना, केवळ तपासणीपुरतेच चालवले आहे. दुरुस्ती करताना ते फाइलींचे सुटे तुकडे मूळ नावे गमावलेल्या फाइलींच्या रूपात वेगळ्या फोल्डरमध्ये टाकू शकते, म्हणून आधी डीडीरेस्क्यू या डिस्कची नक्कल करणाऱ्या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) घेण्याचा विचार आहे. मात्र रिकामी जागा केवळ ५०० जीबी आहे, आणि मूळ डिस्कवर साधारण ३०० जीबी मजकूर आहे. अशा स्थितीत केवळ वापरातील भागाची प्रतिमा घेऊन तिच्यावर फाइल पुनर्प्राप्ती करता येते का, की फोल्डरच्या नोंदीच बिघडलेल्या असल्याने १ टीबीची दुसरी डिस्क घेणे अपरिहार्य आहे?