सबवन आणि सॉल्टॉल एकत्र आणल्यानंतरचे प्रश्न
पुरात बुडालेले भाताचे रोप तगवणारे सबवन हे जनुक आणि क्षार सहन करायला मदत करणारा सॉल्टॉल हा गुणसूत्राचा भाग एकाच वाणात आणले की खारजमिनीतील भाताचा प्रश्न सुटेल, असे म्हटले जाते; ते मला अर्धेच पटते. दोन्ही एकत्र आणणे आता तितकेसे अवघड राहिलेले नाही. ओडिशाच्या एफआर १३ए या वाणातून आलेले सबवन नवव्या गुणसूत्रावर आणि केरळच्या पोक्काळी या पारंपरिक भातातून मिळालेला सॉल्टॉल पहिल्या गुणसूत्रावर असल्याने रेणवीय खुणांच्या (डीएनएमधील ओळखखुणांच्या) मदतीने दोन्हींची निवड करता येते, आणि बांगलादेशाच्या ब्रि धान ७८ या वाणात तसे झालेही आहे. मात्र सॉल्टॉलचा आधार मुख्यतः रोपावस्थेत मिळतो. कोकणातील खारजमिनीत सुरुवातीच्या जोरदार पावसाने बरेचसे क्षार धुऊन जातात आणि पाऊस ओसरू लागला, म्हणजे नेमके भात निसवण्याच्या सुमारास, की ते पुन्हा वर येतात. फुलोऱ्यातील क्षारसहनशीलता हा बराचसा स्वतंत्र गुण आहे.

सबवनचीही मर्यादा आहे, आणि चर्चेत ती नेहमी गाळली जाते. हे जनुक बुडालेल्या रोपाची वाढ रोखून साठवलेली ऊर्जा वाचवते, म्हणून सुमारे दोन आठवड्यांत ओसरणाऱ्या पुरात त्याचा उपयोग होतो. बांध फुटून पाणी महिनाभर गुडघाभर साचून राहिले, तर मात्र उंच वाढून पाण्याबाहेर राहणारे पीकच तगते, आणि पोक्काळी नेमके तेच करते. म्हणूनच गोव्याच्या खाजणातील (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीतील) कोरगुट या क्षार सहन करणाऱ्या पारंपरिक भातामधून निवडलेल्या गोवा धान १ आणि २ या वाणांकडे पैदासकारांनी अधिक लक्ष द्यावे, असे मला वाटते.