विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवावा का? वडिलांना रात्री मळ्यात जावं लागतंय

मळेकरी: नमस्कार मंडळी, संगमनेरकडं आमची अडीच एकर शेती आहे, विहिरीवर 5 एचपीची पाणबुडी मोटर. मी पुण्यात नोकरीला आणि वडील 63 वर्षांचे. थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, मग रात्रपाळी असली की एक-दोन वाजता बॅटरी घेऊन एकटेच निघतात, बाजूला सगळा ऊस आणि उसात बिबट्या. मला इकडं झोप लागत नाही. मोबाईलवरून मोटर चालू करायचं यंत्र कोणी वापरलंय का, भरवशाचं आहे का?

सिन्नरवाला: तीन वर्षं झाली वापरतोय. आत सिम असतं, आपण फोन लावायचा, 1 दाबलं की चालू, 2 दाबलं की बंद, लाईट आली-गेली तरी फोन येतो. आमच्यावालं टूजीवर चालतं, म्हणून विहिरीपाशी कोणाची टूजी रेंज येते ते आधी बघा, सगळ्या कंपन्यांचं टूजी नसतं. आणि त्या सिमच्या रिचार्जची तारीख लिहून ठेवा, माझा ऐन उन्हाळ्यात संपला आणि दोन दिवस मी यंत्रालाच दोष देत बसलो.

वायरमन: भाऊ, मोटर चालू होणं सोपं आहे, ती जळू नये हे महत्त्वाचं. विहीर उपसली की मोटर कोरडी फिरते आणि अँपिअर एकदम खाली येतात, त्यामुळं पाणी नीट चालू असताना किती अँपिअर घेते ते बघा आणि ड्राय रनचं सेटिंग, म्हणजे किती अँपिअरला मोटर आपोआप बंद व्हावी तो आकडा, त्याच्या थोडं खाली ठेवा. एक फेज गेला तरी जागेवर ट्रिप झालीच पाहिजे, तेव्हा वडिलांचा फोन लागतोय का नाही याची वाट बघून चालत नाही. दुसरं म्हणजे ऑटोवर टाकून ठेवू नका. लाईट आली की सगळ्यांच्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर उडतो, महावितरण उगीच ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा म्हणत नाही. ऑटो लागणारच असेल तर प्रत्येकानं वेगवेगळा टायमर लावा.

चाकणकर: शेतीतलं मला कळत नाही, मी कंपनीत मेंटेनन्सला आहे, पण वायरमन दादांचं शंभर टक्के पटलं. आमच्या पंपांच्या बेअरिंगवर कंपनाचे सेन्सर आहेत, रीडिंग मोबाईलवर दिसतं, 15 किलोवॅटपर्यंतच्या मोटरला सेकंदाला 4.5 मिलिमीटरच्या वर गेलं की आयएसओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकाच्या हिशोबानं धोका. बेअरिंग जायच्या आधी कळतं हा मोठा फायदा. पण मशीन थांबवायचं काम नेटवर सोडलेलं नाही, ते पॅनलमधला रिले, म्हणजे जागेवरचा आपोआप चालणारा स्विचच करतो.

सिन्नरवाला: एक विचारायचं राहिलं, ठिबक आहे का पाटपाणी? पाटाचं असेल तर मोटर घरून चालू होईल पण बारं द्यायला, म्हणजे एका वाफ्यातनं दुसऱ्यात पाणी वळवायला माणूस लागतोच, म्हणजे वडील रात्री तिथंच.

मळेकरी: हे डोक्यातच नव्हतं आलं! कांद्याला ठिबक आहे, जनावरांच्या घासाला पाटपाणी. घास दिवसपाळीच्या आठवड्यात भरायला सांगतो आणि रात्री फक्त ठिबक, व्हॉल्व्ह संध्याकाळीच उघडून ठेवायचे. रविवारी गावी जातोय, आधी रेंज बघतो आणि अँपिअर लिहून इथं टाकतो, वायरमन दादा सेटिंग तेवढं सांगा.