काजूच्या बोंडूंचा चोथा : इथेनॉल वापरूनही ग्लुकोज कमी का?

प्रश्न (वाळपई): फेणीसाठी रस काढून उरलेला चोथा ६० टक्के इथेनॉल आणि १ टक्का गंधकाम्लात, बंद रिअ‍ॅक्टरमध्ये १८० अंशांवर तासभर ठेवला. द्रव गडद तपकिरी झाला, म्हणजे लिग्निन (तंतूंना बांधून ठेवणारा कठीण घटक) सुटलं. तरी तंतूंमधल्या सेल्युलोजची साखर करणारं एन्झाइम घातल्यावर ग्लुकोज अगदीच कमी!

उत्तर (फोंडा): थेट पाण्याने धुतलंत का? इथेनॉल पातळ होताच विरघळलेलं लिग्निन तंतूंवर परत बसतं. रिअ‍ॅक्टर ६० अंशांपर्यंत निववून गाळा, आधी त्याच प्रमाणाच्या कोमट इथेनॉलने धुवा, पाणी नंतर. आम्लही निम्मं करा, त्याने झायलोज ही चोथ्यातली दुसरी साखर मोडून तिचं फुरफुरल हे नको असलेलं रसायन होतंय.

उत्तर (मडगाव): आणि ओव्हनमध्ये कृपा करून वाळवू नका, तंतूंची रंध्रं मिटतात आणि एन्झाइम आत शिरत नाही. एन्झाइमसाठी ओलाच घ्या, पीएच (आम्लतेचं माप) ४.८, ५० अंश. बोंडूतलं टॅनिन (तुरट द्रव्य) एन्झाइमला चिकटतं, म्हणून चोथा सुरुवातीलाच गरम पाण्याने धुवा.